भिंतीतल्या बाबाचे डोळे

१

आंदर मावळातल्या त्या वाडीत कुणाच्याही घरी कार्य निघालं की पहिलं बोलावणं कस्तुराबाईला जायचं. गाणी म्हणायला नव्हे. तिचा आवाज फुटक्या घागरीसारखा होता आणि ते ती स्वतःच चारचौघींत सांगायची. बोलावणं असायचं भिंती सारवायला. पांढरी माती आदल्या दिवशी भिजत घालायची, वस्त्रगाळ करायची आणि उघड्या तळव्यानं भिंतीला लावायची, ही तिची रीत. बाकीच्या बायका चिंधीचा बोळा घेत.

"चिंधीला काय कळतंय?" कस्तुराबाई म्हणायची. "तळव्याला भितीचं दुखणं कळतं."

लढाई संपून तिचा नवरा रखमाजी घरी आला, त्यानंतरच्या दिवाळीची ही गोष्ट. भात कापणीला आलं होतं आणि दुपारच्या फावल्या वेळात कस्तुराबाई स्वतःच्या घराच्या भिंती उरकत होती. गोठ्याच्या भिंतीवर हात फिरवता फिरवता तिचा तळवा आत गेला. तिच्या डोक्याच्या वीतभर वर, शेजारी शेजारी, दोन पोचे होते. उंदराचं काम, म्हणून तिनं त्यात मातीचे गोळे दाबले, वरून हात फिरवला आणि उंदराच्या सात पिढ्यांचा उद्धार करून ती पुढच्या भिंतीला लागली.

सकाळी ती धार काढायला गोठ्यात गेली तर दोन्ही पोचे जसेच्या तसे. तिनं खाली पाहिलं. शेणानं सारवलेल्या जमिनीवर मातीचा एक कणही पडलेला नव्हता. उंदीर भिंत पोखरतो तेव्हा खाली भुगा सांडतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. दाबलेली माती गेली कुठं?

"घूस आसंल," रखमाजी म्हणाला, भिंतीकडे न बघता.

हेच तिला खटकलं. रखमाजी म्हणजे शेजाऱ्याच्या बैलाला शिंक आली तरी बघायला धावणारा माणूस. आणि आपल्या घरची भिंत बघायला त्याची मान वळेना.

२

रखमाजी इंग्रजांच्या फौजेबरोबर लढाईवर गेला होता तो खेचरं हाकायला. बोटीतून त्याला सालोनिका नावाच्या मुलखात नेलं, आणि तिथल्या बर्फात त्यानं तोफांचे गोळे वाहिले. परत आला तेव्हा त्याच्याजवळ एक घोंगडी, एक पत्र्याचा मग आणि चिंधीत बांधलेला सुपारीएवढा चुन्याचा खडा होता.

घरी त्याच्यामागं बरंच होऊन गेलं होतं. मानमोडीच्या तापाच्या साथीत थोरला मुलगा गेणू गेला. धाकट्या सरूच्या डोळ्यांत खुपऱ्या झाल्या; उजेडात आणलं की पोर किंचाळायची. कस्तुराबाईनं तिला लोणावळ्याच्या एका डॉक्टरकडे नेलं. त्यानं पापण्या उलट्या करून मोरचुदाचा खडा घासला आणि पुढचं देवाच्या हाती म्हणून सांगितलं. देवाचा हात कसा चालतो हे कस्तुराबाईनं गेणूच्या वेळी बघितलं होतं. ती डॉक्टरच्या अंगणातच रडली.

रखमाजीनं आल्या दिवशी सरूला मांडीवर घेतलं, तिचे चिकटलेले डोळे पाहिले आणि चिंधीची गाठ सोडली.

"तितं डोंगरात एक पडकं देऊळ व्हतं," त्यानं सांगितलं. "त्यांच्यात दगडाचा देव न्हाई. भितीवर रंगवलेले संत. उंच, दाढीवाले, डोक्यामागं सोन्याचं ताट. अन् समद्यांचे डोळे खरवडलेले."

"कुनी? दुश्मनानं?"

"आमचा साहेब तसंच म्हनायचा. पर माझे डोळे आलते, तवा तितल्या एका म्हातारीनं मला खुनेनं आत नेलं. एका संताच्या डोळ्याच्या खोबणीतला चुना नखानं खरवडला, पान्यात कालवून घातला. सकाळी डोळे साफ! निघायच्या दिशी म्या येकटाच आत गेलो अन् चाकूनं हा खडा काढला."

त्यानं रिकामी चिंधी बोटाभोवती गुंडाळली.

"येकच गोष्ट कळंना बघ. औषधाला लागती चिमूट. अन् भोकं तर बोट जाईल येवढी खोल."

कस्तुराबाईला भोकांशी काय करायचं होतं? तिनं खडा उगाळला आणि ते पाणी सरूच्या डोळ्यांत घातलं. उरलेलं शेजारच्या अंबूबाईच्या नातीला, शालूला घातलं, कारण तिलाही तेच दुखणं होतं. आठवडाभरात दोन्ही पोरी पायरीवर बसून उन्हाकडे बघायला लागल्या. सरूला तर सुईचं नेढंही दिसू लागलं. त्या दिवशी कस्तुराबाईनं आपल्या फुटक्या आवाजात गाणं म्हटलं, आणि कुणी तिला थांबवलं नाही.

३

गोठ्यातले पोचे एके सकाळी नाहीसे झाले. भिंत गुळगुळीत होती, तिनं पहिल्या दिवशी दिलेला हात जसाच्या तसा. कस्तुराबाईला हायसं वाटलं. मग ती पडवीत आली आणि तिथल्या भिंतीवर, त्याच उंचीवर, ते दोन्ही पोचे शेजारी शेजारी होते.

तिनं मनाची समजूत घालून पाहिली. माती नीट मुरली नसेल. ओल धरली असेल. जुन्या घराच्या भिंती कुठं ना कुठं बसतातच. मग तिनं पोच्यांच्या आजूबाजूला तळवा फिरवला. मातीत बारीक चऱ्या होत्या, लांब लांब, पाच एका ओळीत. तिनं आपली बोटं त्यांत ठेवून पाहिली. तिची बोटं आखूड पडली.

दोन दिवसांनी ती कापणी सोडून भाकरी न्यायला घरी आली. सगळी वाडी शेतात होती. तिनं कडीला हात घातला आणि आतून आवाज ऐकला.

सर्र. मग शांत. मग पुन्हा सर्र.

कोरड्या भिंतीवर कोरडा तळवा फिरत होता. हा आवाज ती जन्मभर ऐकत आली होती, पण तो नेहमी तिच्या स्वतःच्या हातातून निघायचा. पाल असेल, ती म्हणाली. वाऱ्यानं पेंढा घासत असेल. पण वारा कोपऱ्याशी येऊन थांबत नाही, चाचपत नाही, आणि कोपरा सापडल्यावर हळूच पलीकडच्या भिंतीला लागत नाही.

तिनं दार ढकललं. घरात कुणी नव्हतं. पोचे आता माजघरात होते, सरूचं अंथरूण असायचं त्या कोपऱ्यापासून दोन हातांवर.

परक्या घरात आंधळा माणूस असाच चालतो, भिंतीला धरून. हे तिच्या मनात आलं. भीती तिला वाटली, नाही असं नाही. पण कस्तुराबाईचं असं होतं की तिच्या भीतीच्या पुढं तिचा संताप चालायचा.

"माझ्या घरात," ती भिंतीला म्हणाली, "मला न इचारता?"

४

अंबूबाईचं घर लागूनच होतं, दोघींच्या माजघरांत एकच भिंत. अर्ध्या वाडीची बाळंतपणं तिच्या हातची, त्यामुळं अर्धी वाडी तिचं ऐकायची. तिनं कस्तुराबाईचं सगळं ऐकून घेतलं, मिसरीचं बोट दातांवरून फिरवलं आणि विचारलं, "रखमाजीनं त्यो खडा कुटनं काढला म्हनलीस?"

"संताच्या डोळ्यातनं."

"मग त्यो चोर न्हाई गं. मागनारा हाय. डोळं गेलं त्येचं, त्येच हुडकतोय. आपुन देवीला चांदीचं डोळं वाहतो का न्हाई? त्येलाबी वाहा. गप जाईल."

यात वावगं काहीच नव्हतं. पोराचे डोळे बरे झाले की देवीला चांदीचे डोळे वाहायचे, ही मावळातली रीतच. शेंदूर माखलेल्या दगडालाही आपण आधी डोळे बसवतो आणि मगच देव म्हणून हात जोडतो. कस्तुराबाईला पटलं. घेतल्याचं देऊन टाकावं आणि मोकळं व्हावं.

घरात चांदी एवढीच होती: गेणूचे वाळे. ते तिनं भाताच्या कणगीत खोल पुरून ठेवले होते आणि अधूनमधून नुसता हात घालून चाचपायची. बाजाराच्या दिवशी ती ते घेऊन कामशेतला गेली. सोनारानं वाळे आटवले, भाताच्या लोंबीच्या आकाराचे दोन डोळे कापले आणि मधोमध ठोकून एकेक काळा ठिपका केला. वाळे मुशीत वितळत होते तेव्हा ती दुकानाबाहेर तोंड करून उभी राहिली.

घरी येऊन तिनं डोळे मेणानं त्या पोच्यांत बसवले. हळदकुंकू वाहिलं. रखमाजीनं नारळ फोडला. चांदीचे ते डोळे समोर दाराकडे, सरळ बघत होते.

"घे बाबा," कस्तुराबाई म्हणाली. "तुजं तुला पावलं. आता आमचा पिच्छा सोड."

त्या दिवसापासून भिंतीवरची सर्रसर थांबली. बाबाला चाचपडायची गरजच उरली नव्हती.

५

दिवाळी आली नि गेली. मळणी झाली. एका दुपारी सरू माजघरात तांदूळ निवडत बसली होती.

"आये, बाबा लय उंच हाय."

"कंचा बाबा?"

"भितीतला. मान वाकवून बगतोय."

कस्तुराबाईनं पाहिलं. समोरून भिंत कोरी होती. मग ती दाराशी जाऊन तिरपं उभी राहिली आणि बाहेरचं ऊन भिंतीवरून घसरत गेलं तेव्हा तिला फुगवटे दिसले. कपाळ. लांब नाक. पार खालपर्यंत आलेली दाढी. डोक्यामागं गोल, परातीएवढा उठाव. ओल आली की भिंत फुगते, ती म्हणाली, पण आपण कुणाशी बोलतोय हे तिलाही कळलं नाही.

आणि डोळे दाराकडे नव्हते. दोन्ही काळे ठिपके कोपऱ्यात सरकले होते, सरूच्या बाजूला.

मेण ढिलं झालं असेल. तिनं नख लावून पाहिलं. मेण दगडासारखं घट्ट होतं. तरी तिनं डोळे उपटून पुन्हा सरळ बसवले, सरूला उचलून दुसऱ्या कोपऱ्यात बसवलं आणि जात्यावर बसली. पायलीभर दळून झाल्यावर मान वर केली तर ठिपके त्या दुसऱ्या कोपऱ्याकडे वळले होते.

"आये, चूल पेटवलीस का गं? लय धूर झालाय."

चूल थंड होती. कस्तुराबाईनं सरूच्या पुढ्यातलं सूप ओढून घेतलं. निवडलेल्या तांदळात खडे तसेच होते. लख्ख दिसतील असे काळे खडे, आणि पोरीनं एकही उचलला नव्हता.

तिनं अंथरुणातली पासोडी भिंतीवरच्या खुंट्यांना अडकवून ते डोळे झाकले. संध्याकाळी दिवा लावेपर्यंत सरूला पुन्हा स्वच्छ दिसायला लागलं. कस्तुराबाईला आणखी काही पडताळून बघायची गरज नव्हती. ज्याला आपण डोळे दिले, तो त्या डोळ्यांनी आपल्या पोरीची नजर ओढून घेत होता.

सकाळी पासोडी खुंट्यांवर नव्हती. ती भिंतीच्या पायथ्याशी होती, नीट चौघडी घालून ठेवलेली. कस्तुराबाईच्या घरात पासोडीची घडी तिच्याशिवाय कुणीच घालत नसे.

६

त्या दिवशी दुपारपर्यंत सरू भिंतीला धरून चालायला लागली.

रखमाजीनं पागोटं काढलं, भिंतीसमोर गुडघे टेकले आणि हात जोडले. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"म्या चोरलं," तो म्हणाला. "त्येचं हाय त्ये त्येला निऊ दे, कस्तुरे. संत हाय त्यो. त्येनं दिलं, त्यो नेतोय."

"पोरगी आंधळी झाली तर?"

"त्येची मर्जी."

"गेनू गेला तवा तुमी नव्हता," कस्तुराबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, आणि म्हणूनच रखमाजीनं मान वर केली. "मी व्हते. मीबी हात जोडलं व्हतं. देवीला जोडलं, खंडोबाला जोडलं, रस्त्यानं जानाऱ्या बैराग्याला जोडलं. लय जोडलं. आता माझ्या हाताला दुसरं काम हाय."

तिनं आढ्याला खोचलेलं खुरपं काढलं. सरूला उचलून पडवीत बसवलं आणि सांगितलं, "हितंच बस, काय बी ऐकू आलं तरी." मग पाट घेतला, भिंतीशी ठेवला आणि त्यावर चढली.

भर दुपार होती. दारातून ऊन सरळ भिंतीवर आलं होतं. एवढ्या जवळून तिनं त्याला पहिल्यांदाच पाहिलं. त्याच्या तोंडावर राग नव्हता. गालाची हाडं वर आलेली, ओठ किंचित उघडे. कैक वर्षं अंधारात काढलेल्या माणसाचं तोंड होतं ते, आणि तो तिच्याकडे विनवणी करत बघत होता, गेणूच्या वाळ्यांच्या डोळ्यांनी. कस्तुराबाईला त्याची दया आली. खरंच आली.

"कळतंय मला, बाबा," ती म्हणाली, आणि तिनं खुरपं घातलं.

पहिला डोळा टणकन जमिनीवर पडला. मागं रखमाजी ओरडला. दुसऱ्या डोळ्याखाली तिनं टोक रोवलं तोच तिच्या मनगटाभोवती काहीतरी आलं. कोरडं, खरबरीत, लांब बोटांचं. त्यानं पिरगाळलं नाही, ओढलं नाही, नुसतं धरलं. तिनं खाली पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिचा हात थांबला असता, आणि हात थांबला असता तर सरू जन्मभर भिंतीला धरून चालली असती. एवढा एकच हिशेब तिच्या डोक्यात होता.

"माझ्या लेकाच्या वाळ्यांनी माझ्याच लेकीवर नजर?" ती म्हणाली आणि दुसरा डोळाही उडवला.

मग ती खणत राहिली. पोचे होते तेवढ्यावर तिनं सोडलं नाही. खुरपं आत आत गेलं, आणि मातीच्या तिच्या घरातून, वाडीमागच्या खदाणीतल्या पांढऱ्या मातीतून, निळा चुना गळायला लागला. निळा, आणि मध्ये मध्ये सोनेरी कपचे. बोट जाईल एवढं खोल झालं तेव्हा मनगटावरची पकड सुटली. भिंतीच्या आतून तळवा घासल्याचा आवाज आला, सावकाश, कोपऱ्याच्या दिशेनं, आणि मग बंद झाला.

कस्तुराबाई पाटावरून उतरली.

सरू दारात येऊन उभी होती. सांगितलेलं ऐकणारी ती पोर नव्हेच.

"आये," ती म्हणाली, "तुझ्या हाताला पांढरं काय लागलंय?"

७

रखमाजी भिंतीजवळ गेला. त्यानं एका भोकात बोट घातलं. ते मुळापर्यंत आत गेलं.

"तितंबी येवढीच खोल व्हती," तो म्हणाला.

"आसनारच," कस्तुराबाई म्हणाली. "तितं काय बायकांना लेकरं न्हाईत?"

ते डोळे तिनं पुढच्या बाजाराला कामशेतला नेले आणि सरूसाठी त्यांचे वाळे करायला टाकले. सोनारानं विचारलं, का हो बाई, देवानं परत केले का? ती म्हणाली, त्याला बसले नाहीत. मनगटावरची पाच पांढरी बोटं राखेनं घासली तरी जात नव्हती, म्हणून तिनं बांगड्या कोपराकडे सरकवण्याऐवजी खाली ओढून घ्यायची सवय लावली.

माजघरातली ती दोन भोकं तिनं बुजवली नाहीत. भिंत सारवताना ती त्यांच्या कडेकडेनं हात फिरवायची. वाडीतल्या बायका विचारायच्या, एवढी तू सुगरण आणि हे काय ठेवलंस? ती सांगायची, असू दे, हवा खेळते.

एकदा दुपारी ती चुलीशी होती. सरू तिच्या शेजारी बसून सुईत दोरा ओवत होती. बाहेर पुढच्या भिंतीला सर्र झालं. मग शांत. मग पुन्हा सर्र, दाराच्या चौकटीपाशी. सरूचा हात थांबला.

कस्तुराबाईनं तव्यावरची भाकरी उलटली. दारी आलेल्या मागत्याला घालवतात तसं तिनं बसल्या जागेवरून सांगितलं, "पुढं हो, बाबा. हितं काय न्हाई."

चौकटीपाशी थोडा वेळ काहीच हाललं नाही. मग तळवा भिंतीवरून पुढं गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंबूबाई हातात मोकळं टोपलं घेऊन आली. तिच्या मागं पदराला धरून शालू उभी होती.

"कस्तुरे, वाईच पांढरी माती दे गं," ती म्हणाली. "गोठ्याच्या भितीला दोन पोचे पडल्यात. उंदीर आसंल, पर भुगा कुटं दिसंना."

कस्तुराबाईनं शालूकडे पाहिलं. पोर उन्हात डोळे उघडे ठेवून हसत होती. मग तिनं अंबूबाईच्या हातातलं टोपलं घेऊन बाजूला ठेवलं, आढ्याचं खुरपं काढलं आणि तिच्या हातात दिलं.

"माती नगं, मावशी," ती म्हणाली. "चल, दावते कसं करायचं त्ये."